उतरायची तालीम

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
२० जुलै २०२५

ती. धाकूमामा यांस,
हर्षितचा शि. सा. न. वि. वि.

वर रीतसर मान दिलाय, आता खाली नेहमीसारखं तू म्हणतो, चालवून घे. हे पत्र कमलेशदादाच्या टेम्पोतून येतंय. तो बाळकुमला माल टाकायला येतोच. तू फोन कानाला लावत नाहीस, लावलास तर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवरचं वाचणं तुला कमीपणाचं वाटतं. त्यामुळे अख्ख्या डोंबिवलीत कागदावर पत्र लिहिणारा मी एकटाच उरलोय. स्टेशनरीवाला पण विचारत होता, लग्न ठरलं का म्हणून.

तू विचारलंस ते आधी सांगून टाकतो, कारण मी एकदा दुसरीकडे वळलो की परत येत नाही हे आई तुला सांगतच असते. हो. तू ऐकलंस ते खरं आहे. जागृती इथल्या मुलींच्या गोविंदा पथकात गेलीय. लॅबमधून सुटली की आमच्या घरी येते, आईच्या हातचा चहा घेते, ओढणी कमरेला बांधते आणि थेट मैदानात. पाच थर लावतायत. तुझी लेक खालून चौथ्या थरावर एकटी उभी असते आणि तिच्या खांद्यावर चित्रा, म्हणजे पथकाचा एक्का, सगळ्यात वर जाऊन हंडी फोडणारी. कळव्याची पोरगी आहे, मांजरासारखी चढते.

तुझा निरोप शब्द न शब्द दिला, की थरावर चढायचं असेल तर बाळकुमच्या घराची पायरी चढायची नाही. जागृती म्हणाली, बाबांना सांग, ते तोफखान्यात भरती झालेले तेव्हा आजीला विचारून गेलेले का. मग जेवली नाही. खरं सांगू, तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात, मधल्या मधे माझी खिचडी होतेय.

आता माझं. मी गेल्या आठवड्यात मावळात गेलेलो, एका ट्रेकवाल्या ग्रुपचं भाताचं पातेलं उचलायला. पगार काही नाही, पण फिरणं फुकट आणि भातही फुकट. वाटेत वडगावला थांबलेलो. तिथे १७७९ साली इंग्रजांची फौज मराठ्यांनी घेरलेली. मुंबईहून घाट चढून तळेगावपर्यंत आले, पुण्याला जाणार होते. पुढे जमेना म्हणून रात्रीत गुपचूप परत फिरायचं ठरवलं. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं, आणि निघाले. मराठ्यांना कळलंच. मग अंधारात जी पळापळ झाली म्हणतात! मी त्या तळ्याविषयी विचारत एका टपरीवर बसलो, तिथे भजी इतकी भारी होती की ग्रुप पुढे निघून गेला आणि पातेलं माझ्याकडेच राहिलं. ते वेगळं.

पण मला एक कळेना. परत जायचंच होतं, तर एवढ्या शिस्तीच्या लोकांची दाणादाण कशी उडाली? माघार आणि दाणादाण यात फरक काय, दोन्हीत माणूस मागेच जातो ना? तू एवढी वर्षं पलटणीत होतास म्हणून विचारतोय. कॉलेजात कोणी शिकवलं नाही, म्हणजे शिकवलं असेल, मी नव्हतो.

मामीला, दगडूमामाला नमस्कार. मी हेरगिरी नीट केली असं वाटत असेल तर तुझ्या लोभाचा थोडा भाग वाढवून दे.

तुझा भाचा,
हर्षित

*

बाळकुम, ठाणे
२६ जुलै २०२५

चि. हर्षित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पातेलं परत केलंस का, हे लिहिलं नाहीस. तुझा दगडूमामा शेजारी बसून पत्र वाचतो आहे आणि म्हणतो आहे की हेर म्हणून पाठवला तो भाचा शत्रूच्या घरचाच चहा पितो, त्याच्याकडून कसली बातमी कळणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. माघार हा हुकूम असतो. कोणी आधी निघायचं, कोणी थांबून गोळी चालवायची, कुठल्या ओढ्याशी पुन्हा जमायचं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पाय मागे जातात, तोंड शत्रूकडे असतं. दाणादाणीला हुकूम लागत नाही. तिथे ज्याचा तो सेनापती.

आमचे उस्ताद सांगत, पळ पुढून सुरू होत नाही. पुढच्याला शत्रू दिसत असतो, त्याचे हात कामात असतात. पळ सुरू होतो मागून. मागच्याला फक्त दुसऱ्यांच्या पाठी दिसतात आणि आवाज ऐकू येतात. त्यात कोणी एक ओरडतो की सगळं संपलं. खरं का खोटं, बघायला कोण थांबणार? पानिपतावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि पुढे लढायला घुसले. मागच्यांना फक्त रिकामी अंबारी दिसली. ते धरून चालले की भाऊ गेले, असं सांगतात. आणि लढाईत माणूस मरतो तो बहुतेक पळतानाच. समोरासमोर असेपर्यंत हातात ढाल असते. पाठीला कसली ढाल?

तुझ्या वडगावातही सामान वाहणारे आधी पांगले. पण पिछाडीची एक तुकडी पाय रोवून उभी राहिली, म्हणून बाकीचे गावापर्यंत तरी पोचले.

आता हे कशासाठी लिहितो ते ऐक. दगडू पडला तेव्हा मी रजेवर होतो. आपल्याच नाक्यावर. सहा थर लागले, दगडूनं हंडी फोडली. पडायचं काही कारण उरलं नव्हतं. पण हंडी फुटली म्हणजे काम झालं असं खालच्यांना वाटलं आणि त्यांनी वर न बघता नाचायला सुरुवात केली. दगडू अजून वरच होता. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो आणि त्याचं लग्न मोडलं ते कायमचं. जिंकल्यावर उडालेली दाणादाण मी तेवढीच पाहिली आहे, आणि ती मला पुरे आहे.

दरवर्षी त्या दिवशी मी मागच्या खोलीत दार लावून बसतो. कान गेल्याचा तेवढाच फायदा. जागृतीला सांग, माझं म्हणणं बदललेलं नाही.

तुझ्या आईला, गोदाला आशीर्वाद. तू कुठे असशील तिथे वेळेवर जेव, एवढा लोभ पुरे.

तुझा मामा,
धाकू

*

मानपाडा
३ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी हे वाच: जागृती ठीक आहे. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. आता शांत बसून पुढचं वाच आणि दगडूमामालाही वाचू दे.

काल तालमीत थर कोसळले. पाचवा लागला होता, चित्रा वर हात जोडून उभी होती, कमलेशदादा (तोच पथकाचा कोच आहे, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, टेम्पोतून पत्र यायची बंद झाली असती) शिट्टी फुंकणार, इतक्यात शेजारच्या पोरांचा क्रिकेटचा बॉल पत्र्याच्या शेडवर धाडकन आदळला. पायातली सुमती घाबरून बाहेर निघाली. पाया म्हणजे सगळ्यात खालचा घेरा. त्या सगळ्या माना खाली घालून आत तोंड करून उभ्या असतात, त्यांना एकमेकींच्या पावलांशिवाय काहीच दिसत नाही. सुमती निघाली आणि वरच्या सगळ्या पत्त्यांसारख्या आल्या. चित्राचं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले मुरगळलंय, हाड शाबूत आहे. तिची आई दवाखान्यात मुलीचा दुसरा हात धरून बसली होती.

सुमती बेकरीत कामाला आहे, खारी भरते. तिच्या बेकरीची खारी तू खाल्ली नाहीस म्हणजे काही खाल्लं नाहीस, बरोबर घेऊन येतो कधीतरी. ती टेम्पोच्या मागे बसून रडत होती. कमलेशदादा सगळ्यांसमोर ओरडला की पळपुटी आहे, उद्यापासून येऊ नकोस. पोरींनीही तिच्याशी बोलणं सोडलं.

मग जागृतीनं काय केलं माहितीये? घरी येऊन माझी बॅग उपसली, तुझं पत्र काढलं (मी लपवलं होतं, देवाशपथ), आणि ओट्याशी उभी राहून दोनदा वाचलं. आज संध्याकाळी तालमीला गेली आणि कमलेशदादाला म्हणाली की सुमती पळाली नाही, वर सगळं ठीक आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला दिसत नाही आणि मैदानातल्या गोंगाटात ऐकूही येत नाही, मग तिनं काय समजायचं? आणि दुसरं म्हणाली, आपण महिनाभर चढायचीच तालीम करतोय. उतरायची एकदाही केली नाही. चित्राचा हात दोरीला लागला की आपण हसत हसत एकमेकींच्या अंगावर उड्या मारतो.

कमलेशदादा म्हणाला, उतरायचं काय शिकायचं त्यात, माणूस आपोआप खाली येतो. ती म्हणाली, तीच तर भीती आहे. हे ऐकून तो डोकं खाजवायला लागला, आणि तो डोकं खाजवतो म्हणजे त्याला पटलेलं असतं.

तर मामा, आता ती विचारतेय, म्हणजे मला म्हणाली तू विचार, ती विचारतेय असं सांगू नकोस. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्याला हुकूम कसा पोचवायचा? हंडीच्या दिवशी डीजे एवढा मोठा असतो की शिट्टी शेजारच्याला ऐकू येत नाही.

रागावू नकोस. रागावलास तरी उत्तर दे.

हर्षित

*

बाळकुम
७ ऑगस्ट २०२५

चि. हर्षित यास,
अ. उ. आ.

ऐकू न येणाऱ्याला कसं सांगायचं हे बहिऱ्या माणसाला विचारलंत, बरं केलंत.

आम्ही अंधारात मागे यायचो तेव्हा तोंडातून आवाज काढायची बंदी असे. सगळे एका ओळीत. सगळ्यात शेवटचा माणूस ठिकाणावरून निघाला की पुढच्याच्या खांद्यावर दोन थापा मारायचा. पुढचा त्याच्या पुढच्याला. अशा त्या थापा ओळीच्या तोंडापर्यंत जात. अर्थ एवढाच, शेवटचा आला आहे, चला. थाप पडल्यावर मागे वळून बघायचं नाही हा नियम. मागचा आहे असं धरून चालायचं. जो वळून बघायचा त्याला उस्ताद दुसऱ्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

सुमतीला काढू नका. बॉलच्या आवाजानं घाबरून पळाली हा तिचा दोष नाही, तिला एकटं अंधारात ठेवलं होतं तुम्ही. ती पायात आहे म्हणजे तुमची पिछाडी आहे. सगळे सुखरूप जाईपर्यंत थांबायचं काम तिचं. ते काम तिला आधी सांगा. मग बघा, हलते का.

तुझ्या मामीनं आंबेहळद पाठवली आहे, ती चित्राच्या मनगटासाठी. उरली तर आणखी कोणाच्या कोपराला लावली तरी माझी हरकत नाही. मी सांगितलं असं सांगायचं कारण नाही.

घराच्या पायरीविषयी माझं म्हणणं तेच आहे. मला तिथे उभं राहून दुसऱ्यांदा बघायचं नाही. दगडू हे वाचून काठी आपटतो आहे. आपटू दे.

मामा

*

मानपाडा
१३ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो, कारण उद्या मला शहापूरच्या एका मंडपवाल्याकडे जायचं होतं, पण जात नाहीये. का ते पुढे.

तुझ्या थापा थरावर चालत नाहीत. हात मोकळे नसतात रे मामा, सगळे एकमेकींच्या खांद्यात अडकलेले. पण चित्रा जागृतीच्या खांद्यांवर उभी असते आणि जागृतीनं तिचे घोटे धरलेले असतात. म्हणून असं ठरलं की खालची थरथर वाढली की जागृती चित्राचे घोटे दोनदा दाबणार. तिनं लगेच घसरायचं, हंडी हातभर लांब असो की बोटभर. ती उतरली की जागृती पायाचे अंगठे खालच्यांच्या खांद्यांवर दोनदा दाबणार, मग तिचीही पाळी. मग त्या खालच्यांना. असा हुकूम पावलापावलातून खाली जातो. सगळ्यांत शेवटी सुमती. दुसऱ्या थराची शेवटची पोरगी जमिनीला लागली की सुमती हात वर करणार. सुमतीचा हात वर गेल्याशिवाय कोणी नाचायचं नाही, हंडी फुटली तरी. हा शेवटचा नियम जागृतीनं घातलाय. कोणाच्या आठवणीनं ते तुला सांगायला नको.

आठवडाभर फक्त उतरतायत! बघायला येणारी पोरं कंटाळून निघून गेली. सुमती एकदाही हलली नाही. काल कमलेशदादानं मुद्दाम तिच्या मागे टिनचा डबा आपटला, ती तशीच उभी, फक्त कामावरून आणलेली खारी नंतर सगळ्यांना वाटली, त्याला सोडून.

चित्राचं मनगट बरं आहे. तिची आई तयार नव्हती. आंबेहळद घेऊन जागृती स्वतः कळव्याला जाऊन आली आणि ही उतरायची तालीम तिला समजावली, तेव्हा ती एवढंच म्हणाली की मी समोर उभी राहणार.

शनिवारी टेम्पो आधी डोंबिवलीत, मग कल्याण, मग कळवा, आणि शेवटी बाळकुम नाका. जागृतीनं तुला हे कळवायचं नाही असं सांगितलंय, म्हणून कळवतोय. त्यांच्याबरोबर पाण्याचे कॅन आणि चपलांची पोती सांभाळायला कोणीतरी हवं, ते मी. मंडपवाला गेला उडत.

दार लावून बसलास तर बस. पण मामीला दार उघडं ठेवायला सांग.

हर्षित

*

बाळकुम
१८ ऑगस्ट २०२५

चि. हर्षित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू इथेच होतास, तरी लिहितो, कारण तू चपलांची पोती घेऊन टेम्पोमागे होतास आणि तुला पुढचं काही दिसलं नाही.

मी जाणार नव्हतो. दुपारी दगडूनं काठी उचलली, चप्पल घातली आणि तुझ्या मामीला सांगितलं की मी चाललो, पडलो तर नाक्यावर शोधा. अशा माणसाला एकटं कसं सोडणार? मला शर्टाची बटणं लावायलाही वेळ दिला नाही. नाक्यावरच्या किराणावाल्याच्या ओट्यावर त्याला बसवलं, मी शेजारी उभा राहिलो. डीजेनं माझ्या छातीत हादरे बसत होते, ऐकू काही येत नव्हतं. गर्दी म्हणजे माझ्यासाठी नुसती उघडी तोंडं.

मुलींचे थर लागले. पाया, दुसरा, तिसरा. मग आमची जागृती चढली. मी तिला दोन महिन्यांनी बघत होतो आणि ते असं खालून मान वर करून. पाठोपाठ ती चित्रा. चित्राचा हात हंडीला लागला आणि हंडी झोका घेऊन लांब गेली. वरून पाण्याचे फवारे. दुसऱ्या थरातल्या एका मुलीचा गुडघा लटपटायला लागला, मला स्पष्ट दिसला. हंडी परत येत होती. एक वीत राहिली होती, रे. सगळी तोंडं एकदम उघडली, सगळे हात वर, अजून, अजून असं म्हणत असणार. माझंही तोंड उघडं होतं बहुतेक.

जागृती हंडीकडे बघतच नव्हती. डोळे मिटले होते तिनं. पायांनी ऐकत होती. आणि मग मी तिच्या हातांकडे बघितलं. बोटं दोनदा आवळली.

चित्रानं एकदा हंडीकडे बघितलं आणि सरळ घसरून खाली आली. मग जागृती, मग बाकीच्या, जिन्यावरून उतरावं तशा. गर्दीची तोंडं मिटली, कपाळाला आठ्या पडल्या. दगडू म्हणतो, माईकवरचा माणूस पुढच्या पथकाला बोलावत होता आणि थोडी हुर्यो पण झाली. मला काय त्याचं? मी त्या घेऱ्याकडे बघत होतो. सगळ्यांत शेवटी एक दणकट मुलगी लालबुंद तोंडानं सरळ झाली आणि तिनं हात वर केला. तीच सुमती ना? त्या क्षणी सगळ्या अशा नाचायला लागल्या की बघणाऱ्याला वाटावं हंडी ह्यांनीच फोडली. मी इतकी वर्षं आवळून धरलेला श्वास सोडला तो तेव्हा. एक बाई गर्दीतून धावत आली आणि चित्राला कुशीत घेतलं, तिची आई असणार.

दगडू माझ्या तोंडासमोर येऊन, मला ओठ वाचता यावेत म्हणून हळू म्हणाला की एवढंच करायचं होतं रे त्यांनी तेव्हा. आणि हसला. हंडी नंतर कोणी फोडली ते आम्हां दोघांनाही ठाऊक नाही.

मी जागृतीला भेटायला पुढे गेलो नाही. घराची पायरी बंद केलेल्या बापानं कुठल्या तोंडानं जायचं? दगडूचा हात धरला आणि घराकडे वळलो. गर्दीतून त्याची काठी सांभाळत आम्ही गल्लीत शिरलो, आणि मागून माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

नियम तूही वाचला आहेस. मी मागे बघितलं नाही. चालत राहिलो. दगडू वळून बघायला लागला तर त्याला कोपर मारलं. चिंचेजवळचं वळण, पाण्याची टाकी, मग आपलं फाटक. मामीनं दार उघडं ठेवलं होतं, तुझीच शिकवण. पायरीवर चढलो आणि मग वळलो.

मागे जागृती होतीच. तिच्या मागे सुमती, मग चित्रा आणि तिची आई, मग सगळं पथक ओळीनं, चिखलानं माखलेलं, आणि कमलेश, माझ्याकडे न बघता डोकं खाजवत. कोणालाच पायरीवरून परत पाठवता येईना. तुझ्या मामीनं भाताचं मोठं भांडं चढवलं. जागृती आत येऊन माझ्या पाया पडली, मग कोपर दाखवून म्हणाली की आंबेहळद संपली. मी म्हटलं, आहे अजून.

ती आता इथेच आहे, रविवारची सुट्टी काढून सोमवारही बुडवला आहे. मला न विचारता माझ्या खुर्चीत झोपली आहे.

एक राहिलं. थाप शेवटच्या माणसानं सुरू करायची असते, हे मी लिहिलं होतं. म्हणून जेवताना मी जागृतीला विचारलं की तुला थाप कोणी दिली. म्हणाली, सुमतीनं. सुमतीला चित्रानं. असं विचारत विचारत गेलो तर सगळ्यांत मागे खांद्यावर चपलांची दोन पोती, हातात पाण्याचा कॅन आणि तोंडात खारी असलेला एकच माणूस निघाला.

आजवर तू कुठेच शेवटपर्यंत थांबला नव्हतास. आमचा लोभ होताच. आता त्यात आमचा विश्वासही जमेस धर.

तुझा मामा,
धाकू

ता. क. पातेलं परत करून ये. मग वडगावचं तळं मलाही बघायचं आहे. दगडू म्हणतो, भजी आधी.